माझ्या कपाळावरचा ‘तो’

मी एक ट्रॅक्टर आहे. हसलात ना? मला ठाऊक होतं. ट्रॅक्टर म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे माणसाहून उंच चाकं येतात, धुराचा लोट येतो, नांगरलेलं रान येतं. मी तसला नाही. मी बागेतला ट्रॅक्टर. माझी मागची चाकं जेमतेम तुमच्या गुडघ्याला लागतील. पोटाखाली गवत कापायची तीन पाती आहेत, आणि वर एकच माणूस बसतो, तोही बसल्यावर जरा पोरकट दिसतो. पण मला चार चाकं आहेत, गिअर आहेत, इंजिन आहे, स्टिअरिंग आहे. मग मला ट्रॅक्टर नाही तर काय म्हणायचं? मला खेळणं म्हणणाऱ्या एका पाहुण्याच्या पायावरून मी एकदा चाक घातलं होतं. चुकून नव्हे.

आज हे सगळं सांगायला बसलोय, कारण मला एकदा मेलेला ठरवलं होतं. भर उजेडात, माझ्या मालकिणीच्या देखत, माझ्या कपाळावर खडूने तसं लिहिलं होतं. लिहिणारा कुणी ऐरागैरा नव्हता. जुन्या यंत्रांच्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा मानला जायचा. तरीही ते चुकले होते, आणि मी ते ऐकून घेतलं नाही.

पण पहिल्यापासून सांगतो. माझा जन्म कारखान्यातला. एका लांबलचक पट्ट्यावरून मी पुढे पुढे सरकत होतो आणि जो तो मला काहीतरी लावत होता. कुणी चाक लावलं, कुणी दिवा, कुणी सीट. मग मला निळा रंग दिला. शेवटी एका जाड्या माणसाने पेट्रोल ओतलं, जांभई दिली आणि किल्ली फिरवली. मी पहिल्या फटक्यात सुरू झालो. त्याने माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही, पुढच्याकडे वळला. त्याला रोज असे शंभर जन्म बघायची सवय होती.

मला घेतलं ते चित्रकलेच्या एका निवृत्त शिक्षिकेने. सगळं गाव त्यांना ‘बाई’ म्हणायचं, म्हणून मीही बाईच म्हणतो. बाई अंगाने काडी, पण आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोहोचणारा. टेकडीच्या उतारावर त्यांचं घर होतं आणि घरामागे मोठं थोरलं मैदान, कडेने फळझाडं. नातेवाईक म्हणाले, “या वयात हे काय खूळ? गवत कापायला एक माणूस ठेवा.” बाई म्हणाल्या, “माणूस गवत कापेल हो. मला चित्र काढायचंय.”

आणि खरंच त्या चित्र काढायच्या. पाती कुठे खाली, कुठे वर ठेवायच्या, म्हणजे गवत कुठे गडद दिसे, कुठे फिकट. जमिनीवर उभं राहून काही कळायचं नाही, पण वरच्या मजल्याच्या खिडकीतून बघितलं की मैदानावर लाटा दिसायच्या, नाहीतर शंख, नाहीतर भलं मोठं पान. एकदा आम्ही मासा काढला. त्याच्या डोळ्यासाठी एका जागी मला अकरा वेळा फिरवलं. शेजारचे लोक गच्चीवर चढून बघायचे आणि बाई खालून ओरडायच्या, “शेपटी नीट आलीय का?” रेघ वाकडी गेली की बोलणी मात्र मला बसायची. “शहाण्या, लक्ष कुठाय तुझं?” स्टिअरिंग त्यांच्या हातात होतं, पण शिकवायची खोड सुटते थोडीच! शहाणा हे माझं नाव तेव्हापासूनचं.

चौदा वर्षं असा संसार चालला. मग एका सकाळी बाई पायरीवरून घसरल्या आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. मला शेडमध्ये ढकललं गेलं. आठ दिवस म्हणता म्हणता तीन वर्षं झाली.

या तीन वर्षांत मी माणसांचा पुष्कळ अभ्यास केला. माणसं एखादी वस्तू टाकून देत नाहीत आणि वापरतही नाहीत. तिच्यावर दुसऱ्या वस्तू ठेवतात. माझ्या स्टिअरिंगवर कुणीतरी छत्री अडकवली. सीटवर रद्दीचा गठ्ठा आला, बॉनेटवर रंगाचे अर्धवट डबे. हवेच्या फिल्टरमध्ये एका उंदरीने घर केलं, तिची तीन बाळंतपणं माझ्यात झाली. घरात येणारा प्रत्येक जण शेडमध्ये डोकावून म्हणायचा, “हा अजून ठेवलाय?” आणि जाता जाता माझ्या टायरला लाथ मारून बघायचा. लाथ मारून काय कळतं देव जाणे. मी दर वेळी मनात म्हणायचो, जरा सुरू करून बघा ना, मग सांगतो.

शेवटी बाईंना भाचीकडे राहायला जायचं ठरलं. घर विकलं गेलं. त्या दिवशी बाई चार पायांच्या काठीचा आधार घेत स्वतः शेडमध्ये आल्या. आजारपणात त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता. माझ्या सीटला टेकून त्यांनी फोन लावला.

“जुने बागेचे ट्रॅक्टर घेता ना तुम्ही? माझ्याकडे एक आहे. घेऊन जा. पण एक अट आहे हं. तोडायचा नाही.”

“हो हो,” पलीकडून भरदार आवाज आला. “हो हो, बाई. हो हो.”

बाईंनी फोन ठेवला आणि माझ्या बॉनेटवर हात फिरवला. मी निर्धास्त झालो. शब्द दिला होता ना त्यांनी! माझ्यासमोर दिला होता.

आठवड्याने सकाळी एक पिकअप आली. तिच्यामागे लांब, उघडी ट्रॉली जोडलेली. गाडीतून बापलेक उतरले. बाप साठी ओलांडलेला, रुंद, दोन्ही खिशांत नट खोलायचे पाने. त्यांना सगळे कानसेन मिस्त्री म्हणत. इंजिनाला नुसता कान लावून ते त्याचं दुखणं सांगत, म्हणून हे नाव. लेक तिशीतली, बुटकी, पाय घट्ट रोवून उभी राहणारी. तिला ते ठमी म्हणत. बारा वर्षं ती त्यांच्याच कारखान्यात काम करत होती. दर वर्षी गवत वाढायच्या आधी दोघं अशी फेरी मारत, डोंगरापलीकडच्या गावांतून जुने बागेचे ट्रॅक्टर गोळा करत, आणि ते दुरुस्त करून विकत. एरवी गाडी मिस्त्री चालवायचे. या वर्षी ठमी चालवत होती. “माझा गुडघा धरलाय,” असं मिस्त्री ज्याला त्याला सांगत होते. कुणी विचारलेलं नसतानाही.

त्यांनी माझा स्पार्क प्लग काढला. आता त्यांची पद्धत सांगतो. प्लग काढला की इंजिनाला एक भोक पडतं. मग इंजिनावरचं जड चक्र हाताने फिरवायचं. इंजिन जिवंत असलं की त्या भोकातून ‘फुस्स’ असा बारीक श्वास बाहेर पडतो. बाकीचे मेकॅनिक तिथे अंगठा दाबून धरतात, श्वासाचा जोर अंगठ्याला कळतो. कानसेनांच्या मते अंगठा शिकाऊंनी लावावा, जाणत्याने कान लावावा. ते डोळे मिटून माझ्याजवळ वाकले आणि त्यांनी चक्र फिरवलं.

तीन वर्षांची धूळ होती, उंदरीचा कापूस होता. पण मी श्वास सोडला. स्वच्छ, लांब श्वास. दोन पावलांवर उभ्या असलेल्या ठमीला तो ऐकू आला. तिने चटकन मान वर केली, हे मी पाहिलं.

मिस्त्रींनी आणखी दोनदा चक्र फिरवलं. मी आणखी दोनदा श्वास सोडला. ते सरळ उभे राहिले आणि त्यांनी मान हलवली. “श्वास नाही. गेलाय हा.”

मी सुन्न झालो. अहो, कानाजवळ श्वास सोडला मी तुमच्या!

“बाबा,” ठमी म्हणाली, “मला वाटतं श्वास आला होता.”

“त्रास? त्रास कसला त्यात! दोर आण, चढवू वर.” असं म्हणून त्यांनी खिशातला खडू काढला आणि माझ्या कपाळावर ठसठशीत अक्षरात लिहिलं, ‘तो’.

त्यांच्या कारखान्यात दोनच अक्षरं चालायची. ‘जो’ म्हणजे जोडायचा. त्याला नवे भाग लावायचे, रंग द्यायचा, कामाला लावायचा. ‘तो’ म्हणजे तोडायचा. त्याचे चांगले भाग काढून दुसऱ्यांना लावायचे आणि उरलेलं भंगारात. एका अक्षराचा फरक, बाकी मात्रासुद्धा सारखी.

बाई दारातच उभ्या होत्या. त्यांना आता लांबचं दिसत नव्हतं. ठमी दोर न्यायला जवळून गेली तेव्हा त्यांनी तिचा हात धरला. “तोडणार नाहीत ना गं याला? मी फोनवर सांगितलंय. ते हो म्हणाले.”

ठमीने माझ्या कपाळाकडे पाहिलं. मग वडिलांच्या पाठीकडे पाहिलं. “मी बघते, बाई,” एवढंच ती म्हणाली. मला तिचा राग आला. बघते म्हणजे काय? हो म्हण, नाहीतर नाही म्हण.

मला उलटं बांधलं, तोंड मागे. त्यामुळे पुढचा सगळा रस्ता मी पाहिला तो मागे पडताना. चौदा वर्षं एका मैदानात गोल गोल फिरलेला मी. मला वाटायचं, जग म्हणजे फळझाडांच्या कडेपर्यंत. आणि आता डोंगर उलगडत होते, एकामागून एक, जवळचा हिरवा, त्याच्यामागचा निळा, त्याच्यामागचा धुरकट. पिवळ्या फुलांची शेतं येत आणि लहान लहान होत जात. एक लांब पूल आला, खाली नदीत म्हशी डुंबत होत्या, त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि तोंडं वळवली. किती गवत होतं त्या रस्त्याच्या कडेला! जिकडे बघावं तिकडे न कापलेलं गवत. माझी पाती नुसती शिवशिवत होती. मला तोडायला नेतायत आणि जगात एवढं गवत वाढून राहिलंय, हा कुठला न्याय?

गाडीची मागची काच उघडी होती आणि बापलेक बोलत होते. सगळं मला ऐकू येत होतं, कारण ठमी ओरडूनच बोलायची आणि मिस्त्री त्याहून मोठ्याने उत्तर द्यायचे. त्यांचा मूड मोठा छान होता. प्रत्येक वळणावर आठवणी. “इथे तू लहानपणी ओकली होतीस.” “त्या झाडाखाली आपण डबा खाल्ला होता, आठवतं?” ठमी हसत होती, पण अर्धवट.

दुपारी एका तळ्याकाठी थांबलो. तिथे एका विश्रामगृहाचा ट्रॅक्टर घ्यायचा होता. विश्रामगृहाच्या व्यवस्थापकाने तो किल्लीने सुरूच करून दाखवला, त्यामुळे कान लावायची वेळच आली नाही. त्या लाल, चकचकीत गड्याच्या कपाळावर लगेच ‘जो’ आला आणि तो माझ्याशेजारी बांधला गेला.

“तुझ्या कपाळावर वेगळं लिहिलंय,” तो म्हणाला. “काय अर्थ त्याचा?”

“तोडायचा.”

“अरेरे!”

“तुझं अरेरे तुझ्यापाशी ठेव,” मी म्हणालो. “मी अजून तुटलेलो नाही.”

तळ्याच्या काठाला मोठी झाडं होती आणि त्यांच्यावर शेकडो पक्षी. असा कलकलाट की लाल गडी म्हणाला, यांचा काही बंद करायचा खटका असतो का? बापलेक काठावर पाय सोडून बसले होते.

ठमी म्हणाली, “किती ओरडतायत ना पक्षी!”

मिस्त्रींनी झाडांकडे पाहिलं, मग पाण्याकडे. “कुठे काय? किती शांत आहे इथे! म्हणून तर मला ही जागा आवडते.”

ठमीने मान दुसरीकडे वळवली. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. माझा श्वास, बाईंचा बारीक आवाज, ते ‘हो हो’. बारीक आवाज या माणसाला ऐकूच येत नव्हते! जाडे आवाज तेवढे पोहोचत होते. आणि हे ठमीला माहीत होतं. मला मिस्त्रींचा आला नव्हता एवढा राग तिचा आला. जो ऐकत नाही त्याला मी माफ करीन. जी ऐकते आणि गप्प बसते तिला काय म्हणायचं?

निघता निघता मिस्त्रींनी फोन काढला. एक रोपवाटिकावाला बरेच दिवस गिअरबॉक्स मागत होता. “मिळाला तुमचा गिअरबॉक्स!” ते ओरडले. “निळा आहे एक, मेलेला. परवा येऊन घेऊन जा. हो हो. हो हो.”

परवा. म्हणजे उद्या पाने माझ्या पोटात.

त्यापुढचा घाट फार देखणा होता म्हणे. मला धड आठवत नाही. दरीत ढगांच्या सावल्या सरकत होत्या आणि मी ट्रॉलीवर जेवढं जमेल तेवढं खडखडत होतो. प्रत्येक खड्ड्यात, प्रत्येक वळणावर. पाती आपटली, बॉनेट वाजवलं, दोर करकरवले. लाल गडी म्हणाला, “गप की जरा!” मी म्हटलं, नाही गप बसणार. पुढे बसलेल्यांपैकी एकीला तरी ऐकू येतं.

घाटाच्या माथ्यावर, जिथे लोक दरी बघायला थांबतात, तिथे ठमीने गाडी कडेला घेतली.

“का थांबलीस? चाक बसलं का?” मिस्त्री खाली उतरले.

“बाबा, त्या निळ्याला तोडायचं नाही.”

“हो हो.”

“काय म्हणाले मी?”

मिस्त्रींनी ट्रॉलीचा एक दोर ओढून बघितला.

“सांगा ना, काय म्हणाले मी आत्ता?”

“हेच... की दोर तपासायला हवेत.”

ठमी त्यांच्या अगदी समोर येऊन उभी राहिली. पाय रोवून. आणि मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, “निळ्याला तोडायचं नाही. तुम्ही बाईंना तसा शब्द दिलाय. फोनवर.”

“मी? अगं त्यांनीच सांगितलं, तोडायचा! तोडायचा हा शब्द मी या कानांनी ऐकला.”

“त्याच्यापुढे ‘नाही’ होतं, बाबा. ते ‘नाही’ तुम्हाला ऐकू आलं नाही.”

मिस्त्रींचा चेहरा लाल झाला. “ठमे, माझ्या कानांवर घसरू नकोस. चाळीस वर्षं या कानांवर घर चाललंय. आणि रोपवाटिकावाल्याला शब्द दिलाय त्याचं काय?”

“दोन शब्द दिलेत तुम्ही. त्यातला एक तुमच्या नकळत दिलात. पण दिलात.”

“अगं, पण ते इंजिन मेलंय! मेलेलं इंजिन काय शोकेसमध्ये ठेवायचं?”

ठमी ट्रॉलीवर चढली. तिने माझा प्लग काढला आणि माझ्या चक्रावर हात ठेवला. “या इकडे. अंगठा ठेवा.”

“अंगठा शिकाऊ लावतात.”

“मग आज शिका.”

मला वाटलं, आता हा माणूस तिच्या कानाखाली देतो की काय. दरी बघायला आलेलं एक जोडपं दरी सोडून आमच्याकडे बघत होतं. मिस्त्री चाकावर पाय देऊन वर चढले आणि त्यांनी आपला काळा, जाड अंगठा माझ्या इंजिनाच्या भोकावर ठेवला. घट्ट दाबला. जणू माझं तोंडच बंद केलं.

ठमीने चक्र फिरवलं.

चौदा वर्षांत मी जेवढं गवत कापलं त्याला लागला नसेल एवढा जोर मी त्या एका श्वासाला लावला. माझा पिस्टन वर आला, हवा दाबली गेली, अंगठ्याखाली अडली. मी म्हटलं, हटतोस की नाही? बाईंनी शब्द घेतलाय. मी मेलेलो नाही. हट!

अंगठा उडाला.

मिस्त्रींनी हात मागे घेतला आणि अंगठ्याकडे पाहिलं. “परत फिरव,” ते म्हणाले. पुन्हा अंगठा दाबला, पुन्हा मी तो उडवला. “परत.” या वेळी त्यांनी अंगठा लावला नाही. कान लावला, अगदी टेकवला. मी सगळा जीव गोळा करून श्वास सोडला. तो त्यांच्या गालावर लागला असेल, कारण त्यांच्या दाढीचे पांढरे केस हलले. पण कानाला काही कळलं नाही. हे त्यांच्या डोळ्यांत मला दिसलं.

ते ट्रॉलीच्या कडेवर बसले. दरीकडे तोंड करून.

“किती दिवस झाले हे?”

“दोन वर्षं,” ठमी म्हणाली.

“सगळ्यांना माहीत आहे?”

“हो.”

“आणि कुणी बोललं नाही.”

“तुम्हाला कानसेन म्हणतात, बाबा. कोण बोलणार? माझीच छाती झाली नाही.”

मग मिस्त्रींनी जे विचारलं ते मी कधी विसरणार नाही. “ठमे, या दोन वर्षांत ज्यांच्यावर मी ‘तो’ लिहिलं, त्यातले किती जिवंत होते?”

ठमी रडायला लागली. रडू दे. मी तिला अडवलं नसतं. कारण त्यातल्या कितीतरी इंजिनांचा श्वास तिने ऐकला होता आणि बापाचं मन राखायला ती गप्प बसली होती. मला दोघांची कीव आली नाही. संताप आला. माझ्यासारख्याच कुणीतरी तिथे जीव खाऊन श्वास सोडला असेल आणि त्याच्या पोटात पाना गेला असेल. हा संताप अजून गेलेला नाही आणि जावा असं मला वाटतही नाही.

पण पुढे मिस्त्रींनी जे केलं तेही सांगायला हवं. त्यांनी फोन काढला आणि बाईंना लावला. ठमीने आवाज मोठा करून दिला.

“बाई, मी मिस्त्री बोलतोय. मला कमी ऐकू येतं.” हे वाक्य बोलताना त्यांना फार कष्ट पडले. घाट चढताना भरलेल्या गाडीला पडतात तसे. “तुम्ही त्या दिवशी काय म्हणालात ते परत सांगा. मोठ्याने सांगा.”

मग माझ्या बाईंचा आवाज आला. आजारपणातला नव्हे. वर्गातला, शेवटच्या बाकासाठीचा.

“तोडायचा नाही!”

“ऐकलं,” मिस्त्री म्हणाले. “नाही तोडणार.”

त्यांनी बाहीने माझं कपाळ पुसलं. मग रोपवाटिकावाल्याला फोन लावला आणि सांगितलं, गिअरबॉक्स नाही, दुसरीकडून शोधून देतो, थोडे दिवस द्या. पलीकडून बराच आरडाओरडा झाला. फोन ठेवल्यावर ठमीने विचारलं, “ऐकू आलं का, काय काय म्हणाले ते?” मिस्त्री म्हणाले, “नाही. आणि तूही सांगू नकोस.” इतक्या वेळाने दोघं हसले. हसता हसता मिस्त्रींनी पुन्हा अंगठ्याकडे पाहिलं.

कारखान्यात मला उघडलं, पण जोडायला. उंदरीचा कापूस निघाला, कार्बोरेटर धुतला गेला, नवी बॅटरी आली. मी आठव्या फटक्यात सुरू झालो. पहिल्या फटक्यात झालो असतो तर गोष्टीला शोभलं असतं, पण मी गोष्टीसाठी सुरू झालो नाही.

मला विकलं नाही. ठमीने माझ्यामागे एक जाड लोखंडी आकडा बसवला आणि मला कारखान्याच्या कामाला ठेवलं. ट्रॉलीवरून जे जुने ट्रॅक्टर येतात त्यांना फाटकापासून आतल्या छपरापर्यंत मी ओढून नेतो. मिस्त्री कानात यंत्र घालतात आणि दिवसभर कुरकुर करतात की पंखा फार वाजतो, कागद फार वाजतात, ठमी चहा पिताना फार वाजते. ‘जो’ की ‘तो’ हे आता दोघं मिळून ठरवतात, दोघांचे अंगठे लागल्यावर. काही जण खरंच मेलेले असतात. तेही मीच ओढत नेतो आणि त्या दिवशी माझं कशात लक्ष लागत नाही.

बाईंची चित्रं मात्र आता होत नाहीत. आवारात गवतच नाही, सगळी खडी आहे. याचं मला वाईट वाटतं, आणि मी ते लपवत नाही.

तुमच्याही घरी कुणीतरी असाच ‘ठेवलेला’ असेल. मी असं म्हणत नाही की त्याचे लाड करा. लाथ मारून बघणाऱ्यांचा आणि लाड करणाऱ्यांचा मला सारखाच कंटाळा आहे. फक्त त्याला गेला म्हणण्याआधी हात लावून बघा. नुसत्या कानांनी आणि नुसत्या डोळ्यांनी ठरवू नका. ते फार फसवतात, आणि ज्याची फसवणूक होते त्याला पत्ताच नसतो.

बास, पुरे झालं बोलणं. फाटकाशी ट्रॉली आलीय आणि तिच्यावर कुणीतरी म्हातारा बसलाय, माझ्या दुप्पट वजनाचा, पुढची दोन्ही चाकं बसलेली. मघापासून तो हळूच विचारतोय, मला कुठे नेणार. मी त्याला म्हटलंय, आत नेणार. तिथे माणसं अंगठा लावतील तेव्हा लाजू नकोस, जोरात ढकल. मधे चढ आहे, खडी सैल आहे, माझ्या मागच्या चाकात हवा कमी आहे. तरी मी नेईन.

सरका बाजूला.